जावईबापूंनी तोंड लपवलं

आमचे जावई सामान हलवतात. म्हणजे लोकांचं. कपाटं, पलंग, फ्रिज या घरातून उचलायचे आणि त्या घरात नेऊन ठेवायचे, हा त्यांचा धंदा. लेकीने हे स्थळ स्वतःच शोधून आणलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. माणूस वाईट नाही, पण आवाज! दिवसभर जिन्यात उभं राहून "डावीकडे घे! अरे, तुझ्या डावीकडे! टेकव, टेकव, टेकव!" असं ओरडायची सवय. त्यामुळे घरी जेवताना मीठ मागितलं तरी तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने मीठ घेऊन खाली यावं.

हेच जावई तीन महिने घरात ब्र न काढता राहिले. का, ते सांगते.

माझी नात ठमी तेव्हा दहा महिन्यांची होती. रांगताना एक पाय मागे राहायचा. लेक म्हणायची, आळशी आहे. मी म्हणायचे, लाडावलीय. लस टोचणाऱ्या बाईंनी दोन्ही पाय दुमडून पाहिले आणि आम्हाला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे एक्स-रे निघाला. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत बसलाच नव्हता, जन्मापासून बाहेरच होता. ऑपरेशन करून बसवायचा आणि तो तिथेच राहावा म्हणून तीन महिने प्लास्टर. नाही केलं तर पोर आयुष्यभर लंगडेल. लेकीने तो एक्स-रे तीनदा उजेडाला धरून पाहिला. घरात कोणीतरी एकाने रागावलेलं असावं लागतं, म्हणून मी रागावून बसले.

भूल चढेपर्यंत आईबापांपैकी एकाला आत थांबता येतं. लेक रडून रडून बेजार झालेली, म्हणून जावई गेले. ठमीला मांडीवर घेऊन बसले. तिच्या नाकावर मास्क धरला तेव्हा ती हात झाडत होती, आणि ते हात धरायचं काम त्यांच्याकडे आलं. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला.

"माझ्याकडेच बघत होती, आई," एवढंच म्हणाले.

ती शुद्धीवर आली. आईला बघून हुंदका दिला, मला बघून माझं बोट मुठीत धरलं. मग जावईबापू पुढे झाले आणि पोरीने असा टाहो फोडला की नर्स धावत आल्या. ते मागे सरले, ती गप्प. पुन्हा पुढे झाले, पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, विसरेल दोन दिवसांत. डॉक्टरांना ठमीची ओळख नव्हती.

प्लास्टर छातीपासून सुरू व्हायचं. एक पाय घोट्यापर्यंत बंद, दुसरा गुडघ्यापर्यंत, दोन्ही फाकवलेले आणि मध्ये एक आडवी दांडी. दांडीला धरून उचलायचं नाही, असं आम्हाला तिघातिघांनी बजावलं. मान आणि हात तेवढे मोकळे. मानही बाजूला वळायची, मागे नाही. ओलं होऊ द्यायचं नाही, म्हणून एक छोटा डायपर प्लास्टरच्या आत खुपसायचा आणि मोठा वरून बांधायचा. पहिल्याच दिवशी मी उलटं केलं. त्यावर अधिक बोलायची माझी इच्छा नाही.

घरी आल्यावर जावईबापू चोरासारखे वागू लागले. स्वतःच्या घरात मागच्या दाराने येत. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवत. एकदा विसरून "अगं, पाणी" म्हणाले, तर आतल्या खोलीतून टाहो. चेहराच नाही, आवाजही तिला नकोसा झाला होता. तेव्हापासून बोलणंही बंद. पाणी हवं तर भांडं वर करायचं, पोट भरलं की हात आडवा करायचा. मला आधी बरं वाटलं. चार दिवसांनी त्या शांततेत मला जेवण जाईना.

मग लेकीची कंबर धरली. पोरीचं वजन आणि वर प्लास्टरचं वजन, दिवसभर या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी ती पलंगावरून उठेचना. माझे गुडघे तर कधीच राजीनामा देऊन बसलेत. ठमी जमिनीवर पालथी, रडून लाल. जावईबापू दारात उभे. मी म्हटलं, "अहो, नुसते बघताय काय? कपाट असतं तर एव्हाना ट्रकमध्ये असतं!"

ते चपला काढून पाठीमागून आले. एक हात बुडाखाली, एक हात छातीला आडवा, आणि पोरीची पाठ आपल्या पोटाला लावून सरळ उभे राहिले. तिचं तोंड पुढे. तिला कोण ते दिसलं नाही. ती रडायची थांबली. खोली एवढ्या उंचावरून तिने पाहिली नव्हती. पंख्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग आडव्या हातावर तळहाताने दोन चापट्या मारल्या. चल.

ते चालू लागले.

त्या दिवसापासून ठमीला वाहन मिळालं. आमची दारं अरुंद, आणि पोरगी पाय फाकवून दारापेक्षा रुंद. लेक आणि मी दर वेळी चौकटीला आपटायचो. जावईबापूंनी एक डोळा मिटून प्रत्येक दाराचं माप घेतलं आणि स्वतः कडेने वळून तिला सोफ्यासारखी तिरकी काढू लागले. भिंतीला एक ओरखडा नाही. चापटी मारली की निघायचं, पुन्हा मारली की दुसऱ्या खोलीत. धंद्यावर जाण्याआधी एक फेरी, आल्यावर दोन.

बैठकीतला आरसा त्यांनी सामान गुंडाळायच्या गोधडीत बांधून टाकला. कपाटाचाही बांधला. "आरशात दिसेन ना," माझ्या कानाशी लागून कुजबुजले. शेजारीण आली, म्हणाली, घर बदलताय का? मी म्हटलं, नाही, जावई लपलेत.

मला हसू यायचं, पण एकदा पाहिलं ते सांगते. ठमी त्यांच्या हातात झोपली होती. झोपलीय अशी खात्री झाल्यावर त्यांनी तिला हळूच खांद्यावर वळवलं आणि तिचं तोंड बघत उभे राहिले. तिची पापणी हलली मात्र, घाईघाईने पुन्हा पाठमोरी केली. मी तिथून निघून गेले. मला त्या माणसाची फार दया आली, आणि दया आली की माझं डोकं फिरतं.

"असं किती दिवस लपणार तुम्ही?" लेकीने एकदा विचारलं.

"प्लास्टर आहे तोवर," ते कुजबुजले. "निघालं की वळेल ती. मग संपलं."

आम्ही दोघी प्लास्टर निघायची वाट बघत होतो आणि हे गृहस्थ ती तारीख जवळ येत गेली तसे गप्प गप्प. आधीच गप्प, त्यात आणखी गप्प. तपासणीला गेलो तेव्हा त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "आणखी थोडे दिवस ठेवलं तर सांधा जास्त पक्का होईल का?" डॉक्टर म्हणाले, असं विचारणारे तुम्ही पहिलेच. लेकीने त्यांना टेबलाखालून लाथ मारली.

प्लास्टर कापायचं यंत्र करवतीसारखं किंचाळतं. ठमी त्याच्यावरताण किंचाळली. टरफल दोन बाजूंना उघडलं आणि आतून दोन काटकुळे पाय निघाले, कातडी सोललेली. एक्स-रे निघाला. गोळा वाटीत होता. डॉक्टर हसले, लेक रडली, मी रुमाल शोधत बसले.

ठमी मात्र थांबेना. तीन महिने कवचात राहिलेलं पोर, मोकळं केल्यावर घाबरलं. लेकीने घेतलं, तर पाय लोंबकळले, ती आणखी ओरडली. मी घेतलं, नर्सने घेतलं. आम्ही सगळ्या काचेचं भांडं धरावं तसं धरत होतो आणि ती आमच्या हातांतून निसटत होती. जावईबापू दाराशी, एक पाय बाहेर. गाडी घेऊन येतो, अशी खूण केली.

"गाडी राहू दे," लेक म्हणाली. "घ्या हिला."

त्यांनी मान हलवली. बोट गोल फिरवून दाखवलं. वळेल.

"वळू दे!"

ते पाठीमागून आले. एक हात बुडाखाली, एक आडवा, घट्ट. ठमीचा आवाज उतरत गेला. हुंदका, आणखी एक हुंदका, मग नुसता श्वास. हा हात तिच्या ओळखीचा होता. तिने त्यावर तळवा ठेवला. आणि मग तिच्या लक्षात आलं असावं की आपल्याला आता वळता येतं. खांदा फिरला, कंबर फिरली, आणि तिने मागे वळून वर पाहिलं.

जावईबापूंनी डोळे मिटून घेतले. एवढा मोठा माणूस, डोळे मिटून उभा. ठमी बघत राहिली. खालचा ओठ बाहेर आला, थरथरला. मी कानांवर हात ठेवायच्या बेतात होते. तिने बोट वर नेऊन त्यांच्या मिशीला लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग पुढे वळली आणि आडव्या हातावर दोन चापट्या मारल्या.

ते जागचे हलेनात. गालांवरून पाणी मिशीत उतरत होतं. तिने पुन्हा मारल्या, जरा जोरात.

"निघा जावईबापू," मी म्हटलं. "गिऱ्हाईक खोळंबलंय."

ते निघाले. दवाखान्याचं दार चांगलं दोन पलंग शेजारी-शेजारी जातील एवढं रुंद. तरी तिथे जाऊन ते सवयीने कडेने वळले, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या मूळ आवाजात गरजले, "आई, दार धरा!"

बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. जावईबापूंनी जीभ चावली. आम्ही सगळ्यांनी ठमीकडे पाहिलं. तिने त्यांच्या हातावर चापटी मारली.

मी दार धरलं.