तळ्याभोवतीची वाट

आमच्या गणिताच्या बाईंना सगळी शाळा चौकटबाई म्हणायची, अर्थात माघारी. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती? व्हरांड्यात त्यांची चप्पल वाजली की मी वहीत डोकं खुपसायचे. देवाशपथ सांगते, आज माझी मुलगी पहिलीत आहे, तरी तशी चप्पल कुठे वाजली की मी दचकते.

बागेभोवतीचा रस्ता, फोटोभोवतीची चौकट, असली उदाहरणं म्हणजे बाईंचा जीव की प्राण. बाहेरच्या आयतातून आतला वजा करायचा, एवढंच. पण बाहेरची लांबी काढताना आम्ही रस्त्याची रुंदी एकदाच मिळवायचो. "एका बाजूला रस्ता, आणि दुसऱ्या बाजूला काय, हवा?" बाई कडाडायच्या. मग चुकलेल्या मुलीला खरोखरीच्या कडेनं चालवायच्या, शाळेच्या बागेभोवती नाहीतर झेंड्याच्या ओट्याभोवती.

आठवीत त्यांनी आमच्याच शेततळ्याचं उदाहरण घातलं. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव, आणि तळं शाळेच्या अगदी मागे. तीस बाय वीस मीटर, भोवती दोन मीटरचा बांध. बांधाचं क्षेत्रफळ मी एकशे चार सांगितलं. बाईंनी टेबलाच्या खणातून मोजायची टेप काढली.

"चला सगळ्या तळ्यावर. ही मोजेल."

एका बाजूची रुंदी मोजून झाली. दुसऱ्या बाजूला मी टेप धरून पाण्याच्या दिशेनं मागे मागे सरकत होते. नजर बाईंवर. पाण्यापेक्षा मला त्यांचीच भीती जास्त. पाय तळ्याच्या उतारावर अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर पडला आणि मी थेट आत! त्या कागदावर शेवाळ धरलेलं असतं. हात टेकला की खाली, गुडघा टेकला की खाली. नाकातोंडात पाणी. मेले आता, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात अंगावर साडीचं टोक पडलं. बाईंनी नेसती साडी फेडून फेकली होती. "धर! सोडू नकोस गं बाळा, सोडू नकोस!" तो आवाज त्यांचा वाटतच नव्हता. सगळ्या मुलींनी मिळून मला ओढलं. बाई परकरावर तशाच बांधावर बसल्या होत्या आणि त्यांचे दात वाजत होते.

माझे वडील धावत आले. बाईंनी हात जोडले. "माझ्यामुळे झालं हो."

"न्हाई बाई, तळं माझं हाय. तारेचं कुंपन घालतो घालतो म्हनत मीच ऱ्हायलो." पुढच्याच आठवड्यात त्यांनी ते घातलं आणि शाळेत येऊन बाईंना सांगितलं.

पण त्यानंतर बाईंनी तसलं उदाहरण फळ्यावर घेतलंच नाही. "हे घरी बघा," म्हणून पान उलटायच्या आणि खडू खाली ठेवायच्या. वर्गातल्या मुली हळूहळू त्यांना घाबरेनाशा झाल्या. मला ते फार वाईट वाटायचं.

शिष्यवृत्तीच्या पेपरात नेमका मैदानाभोवतीचा रस्ता आला. मी तडक बाईंच्या घरी पळाले. "बाई, दोन्ही बाजूंची रुंदी मिळवली!"

त्यांनी उत्तर विचारलंच नाही. माझा दंड घट्ट धरला. "तळ्याला कुंपण आहे ना गं अजून?"

"आहे बाई."

"चारी बाजूंनी? चल, मला दाखव."