निळी नखं

दादा माझा थोरला भाऊ. धंद्यानं रंगारी. सुताच्या लडी निळीच्या कढईत बुडवायच्या, पिळायच्या, वाळत घालायच्या, हेच तीस वर्षं. हातमोजे दिले तर म्हणायचा, "सुताला हात लागल्याशिवाय रंग कळत नाही." त्यामुळे नखं कायमची निळी. वहिनीच्या माहेरी त्याला 'निळेपंत' म्हणत. आणि बडबड्या इतका, की कढई थंड व्हायची पण ह्याचं तोंड नाही.

फ्लू घरात सगळ्यांनाच झाला. आम्ही दोन-तीन दिवसांत उठलो. दादा ताप अंगावर काढत कामावर जात राहिला. पाचव्या दिवशी सकाळी जिना चढताना चौथ्याच पायरीवर बसला. धाप लागली होती. मी बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन आणलं. चौऱ्याऐंशी. दुसऱ्या बोटाला ब्याऐंशी. पंच्याण्णवच्या खाली जायला नको, एवढं मला माहीत होतं. मग नखांकडे लक्ष गेलं आणि मी हसलो.

"तुझ्या निळीनं मशीनलाही फसवलं बघ."

तोही हसला, खोकला. नखांवर रंग असला की आकडा चुकतो, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. वहिनीला काही बोललो नाही, उगाच घाबरेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला हाक मारली. दादा पलंगावर वाकून बसला होता, खांदे वर उचलून श्वास ओढत होता. "पाणी" एवढं म्हणायला त्याला दोनदा थांबावं लागलं. ओठ निळे पडले होते. ओठांना त्यानं कधी नीळ लावली नव्हती. मी रिक्षा आणायला धावलो.

हॉस्पिटलात नर्सनं त्याची बोटं पाहिली आणि ऑक्सिजन मोजायचा चिमटा सरळ कानाच्या पाळीला लावला. अडुसष्ट. त्याला आत नेलं. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"फ्लू दोन्ही फुप्फुसांत उतरलाय. घशात नळी घालून मशीननं श्वास द्यावा लागेल. दोन दिवस काही सांगता येणार नाही. ऑक्सिजन कमी झालेला पहिल्यांदा कधी दिसला?"

"आजच," वहिनी म्हणाली.

मी गप्प बसलो असतो तर कुणालाच कळलं नसतं. पण चुकीच्या माहितीनं आणखी काही बिघडलं तर, ही भीती मोठी निघाली.

"काल सकाळी," मी म्हणालो. "चौऱ्याऐंशी होता. मीच पाहिला. मला वाटलं, नखांच्या रंगामुळे."

बाईंनी ते लिहून घेतलं आणि त्या आत गेल्या. वहिनीनं शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. 

"काल सकाळी मी घरातच होते, भावजी," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात. जिन्यावरूनच हाक मारली असती तरी ऐकू आली असती."