तिसऱ्या खोलीचा पाहुणा

मेल्विना मीडच्या घरात पाहुण्यांसाठी तीन खोल्या होत्या, पण भाड्यानं ती दोनच द्यायची. तिसरीचं कुणी विचारलं तर "ती भरलीय," एवढंच उत्तर. मॉन्सेरात बेटाच्या उत्तर टोकाला, टेकडीच्या उतारावर तिचं घर. थंडीला कंटाळलेली कॅनडाची म्हातारी जोडपी तिच्याकडे येत, आठवडा-पंधरवडा राहत, आणि त्यांची सुट्टी कशी जायची हे मेल्विना ठरवून देई. कुठल्या किनाऱ्यावर दुपारी सावली येते, कुठं लाट पाय ओढते, पांढऱ्या वाळूच्या त्या एकुलत्या एका किनाऱ्यावर जायला होडी कुणाची सांगायची, सोबत डब्यात काय द्यायचं, सगळं तिला तोंडपाठ. स्वतः मात्र ती वाळूवर कधी टेकली नाही.

तिसऱ्या खोलीची चादर ती दर शनिवारी बदलायची. दक्षिणेकडची खिडकी उघडी ठेवायची. शेजारीण अर्मिन्ट्रूड चिडवायची, "काय गं मेल, तुझा तो पाहुणा भाडं देतो की नाही?"

"तुझ्यासारखी रोज येऊन साखर तर मागत नाही," मेल्विना म्हणायची.

अर्मिन्ट्रूड हसायची आणि मग गप्प व्हायची, कारण पाहुणा कोण ते तिला ठाऊक होतं. बेटावर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

कीथरॉय, मेल्विनाचा नवरा. ज्वालामुखीचा डोंगर पेटला तेव्हा दक्षिणेकडची माणसं चर्चच्या बाकांवर आणि शाळेच्या फरशीवर येऊन झोपायला लागली, तशी ही दोघंही आली. पण गाई तिकडं वर राहिलेल्या, गाजरं काढायला आलेली. जूनमधल्या एका सकाळी "जेवायला येतोच," म्हणून तो वरच्या शेतात गेला आणि भर दुपारी डोंगर खाली आला. कीथरॉयचं काहीच मिळालं नाही. बूटसुद्धा नाही.

हे घर त्यानंतरचं. कीथरॉयनं ते पाहिलंच नव्हतं, आणि म्हणून मेल्विनाच्या मनानं एक घेतलं होतं. मेलेलं माणूस जम्बी होऊन आपल्या घरी येतं, हे बेटावर पोरासोरांनाही माहीत. पण याचं घर तर राखेखाली. मग बिचाऱ्यानं यायचं कुठं? त्याला वाट सापडत नसणार. फिरत असेल. म्हणून ती खोली, ती खिडकी. पाद्रीबाबांनी एकदा समजावून पाहिलं. तिनं ऐकून घेतलं आणि त्यांना आल्याचं सरबत दिलं.

एका रविवारी इंग्लंडहून धाकट्या बहिणीचा, रोझेटाचा फोन आला.

"मेल, मी येतेय. सुट्टीवर. ऐकतेयस ना? सुट्टीवर."

"घरी येतेय म्हण की."

"घर गेलं राखेत. मी समुद्रावर येतेय. वाळू, पाणी आणि झोप, बस्स. जन्मभर म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलली, आता मला कुणीतरी अंथरूण घालून दिलं पाहिजे. प्रार्थनासभा नको, स्मारकावर फुलं नकोत, डोंगर बघायला नेऊ नकोस. मेलेल्यांचा विषय काढलास तर सरळ हॉटेलात जाईन."

"जा की. सापडलं हॉटेल तर मलाही सांग, पाहुण्यांना पाठवायला बरं पडेल."

रोझेटा हसत सुटली. पुढे दर रविवारी बेत चालला. सोमवारी वुडलँड्सची काळी वाळू, मंगळवारी काहीच नाही, बुधवारी होडीनं रॉन्देव्हूच्या पांढऱ्या वाळूवर, ते संध्याकाळपर्यंत. रोझेटाला भाजलेला नीरफणस हवा होता, खारा मासा हवा होता, आणि लवंगा घातलेला तो बकऱ्याचा रस्सा, ज्याला बेटावर बकऱ्याचं पाणी म्हणतात. "आणि छत्री," ती म्हणाली, "मोठी, पट्ट्यापट्ट्यांची. जाहिरातीत असते ना, तसली." मेल्विनानं शेजारच्या अँटिगाहून येणाऱ्या बोटीवरून छत्री मागवली. परक्या माणसांच्या इतक्या सुट्ट्या तिनं आखल्या होत्या, पण यावेळी स्वतःचंच लग्न ठरल्यासारखी ती दुकानात फिरत होती.

अडलं ते खोलीवर. त्या आठवड्यात दोन्ही खोल्या आधीच दिलेल्या.

"मग तिसरी आहे ना?" रोझेटानं विचारलं.

मेल्विनानं फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"मेल, अगं मी तुझी बहीण. मी काय व्हरांड्यात झोपू?"

"खिडकी बंद करायची नाही," शेवटी मेल्विना म्हणाली.

रोझेटा आली ती गवताची टोपी घालून. छोट्या विमानातून उतरताना डोंगराच्या बाजूला तिनं मान वळवलीच नाही. घरी येऊन पाहते तर बरोबर आणलेले कपडे उकाड्यात अंगाला घट्ट होऊ लागले. तिनं मेल्विनाचा घरात घालायचा फुलाफुलांचा झगा चढवला आणि मग तो अंगावरून काढलाच नाही. पाठमोऱ्या बघितल्या तर दोघींत फरक करता येईना. आवाज तर पहिल्यापासून एकच. सोमवारी काळ्या वाळूवर ती छत्रीखाली आडवी झाली आणि म्हणाली, "माझ्याशी कुणी बोलू नका." मेल्विना बाजूला उभी राहून डबे उघडत होती.

"बस ना गं," रोझेटा म्हणाली.

"बसते. रस्सा निवतोय."

ती बसली नाही.

मंगळवारी जेवण झाल्यावर रोझेटा खोलीत जाऊन पडली. मेल्विना होडीचं पक्कं करायला खाली धक्क्यावर गेली. होडीवाला डेन्झिल जाळ्याच्या ढिगावर लवंडला होता.

"मिस मेल्विना, लोकांना पाठवता तिकडं, तुम्ही कधी येणार?"

"मी आले तर स्वयंपाक तू करशील?"

"करीन की. पण मग लोक बेटावर परत यायचे नाहीत."

हो-ना करत पैसे ठरले, वेळ ठरली. पेट्रोल आणायला आधी थोडे द्या, म्हणून त्यानं आणखी खोळंबा केला. ती घरी आली तेव्हा ऊन अजून माथ्यावरच होतं. घर शांत. स्वयंपाकघरात टेबलावर एक पेला होता, रिकामा, तळाशी करड्या रंगाचा गाळ. मेल्विना पुटपुटली, "सुट्टीवर आली म्हणून पेला विसळायलाही हात मोडले का हिचे?" आणि तिनं तो घासून पालथा घातला.

संध्याकाळी दोघी व्हरांड्यात बसल्या होत्या. रोझेटा चुळबुळत होती.

"मीच म्हटलं होतं मेलेल्यांबद्दल बोलायचं नाही," ती म्हणाली, "पण तू हसणार नसशील तर एक सांगते. दुपारी मला कीथरॉय आला स्वप्नात."

मेल्विनानं हातातला पंखा मांडीवर ठेवला.

"म्हणजे दिसला नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मागे कुणीतरी खाटेवर बसलं. खाट दबली ना, तेवढं कळलं. मग बूट काढल्याचा आवाज. एक, मग दुसरा. मला वाटलं तूच असशील."

"जळका वास आला?"

"नाही गं. ओल्या मातीचा. गाजरं उपटल्यावर येतो तसा. आणि म्हणाला, 'मेल, पाणी आहे का?'"

"मेल म्हणाला?"

"मेल म्हणाला. मी झोपेतच म्हटलं, स्वयंपाकघरात आहे, घे ना. मग तो उठला आणि गेला. बस्स, एवढंच. तुझा झगा होता ना अंगावर..." मेल्विनाचा चेहरा बघून रोझेटा थांबली.

मेल्विना उठून आत गेली. पालथा घातलेला पेला उचलून तिनं उजेडात धरला. स्वच्छ होता, तिनंच चकचकीत केला होता. थोड्या वेळानं रोझेटा मागून आली.

"तू पाणी प्यायलीस का दुपारी?" मेल्विनानं विचारलं.

"प्यायले असेन. आठवत नाही. अगं, स्वप्न होतं ते."

"मला हाक मारायची होतीस."

"तू होतीस कुठं?"

त्या प्रश्नावर मेल्विना खुर्चीत बसली. तिला भीती वाटली नव्हती. तिला बहिणीचा राग आला होता. इतकी वर्षं चादरी आपण बदलल्या, आणि आला तो हिच्याकडं. आपलं नाव घेऊन आला, हिच्या तोंडून उत्तर घेतलं, आपल्याच स्वयंपाकघरात येऊन पाणी प्याला, आणि आपण धक्क्यावर डेन्झिलशी घासाघीस करत होतो, एका दिवसाच्या मौजेसाठी.

बुधवारी ती होडीवर गेली नाही. "तुला जायचं तर जा," म्हणाली आणि भरला पेला टेबलावर ठेवून स्वयंपाकघरात बसली. रोझेटाही गेली नाही. डेन्झिलनं खालून शिट्ट्या मारल्या, मग निघून गेला. गुरुवारी तेच. कॅनडाची जोडपी आपलं आपण डबे भरून घेऊ लागली आणि दबक्या आवाजात बोलू लागली. रोझेटा संतापली.

"मी सुट्टीवर आलेय, मेल! ही छत्री मी काय अंगणात लावून बसू?"

"लाव."

"आज येणार आहे का तो?"

"तू सांग. तुझ्याकडेच येतो ना."

 रोझेटा खोलीत गेली, झगा काढून घडी करून आणला आणि बहिणीच्या मांडीवर ठेवला. "घाल. तू झोप त्या खोलीत. मी दारात बसते, कुणाला येऊ देत नाही."

मेल्विना त्या खोलीत गेली, झगा घालून, भिंतीकडे तोंड करून पडली. सगळी दुपार डोळे मिटून ती जागी होती. बाहेर कोंबड्या उकरत होत्या. खाट दबली नाही. उठली तेव्हा उशी ओली होती, आणि रोझेटा खरंच दारात, उन्हात, स्टुलावर बसलेली होती. तिच्या नाकाचं टोक लाल झालं होतं.

"उद्या आपण रॉन्देव्हूला जाऊ," मेल्विना म्हणाली.

शनिवारी रोझेटाचं विमान होतं, म्हणजे शुक्रवार हाच शेवटचा दिवस. डेन्झिलनं दोघींना पांढऱ्या वाळूवर उतरवलं आणि चारला येतो म्हणून तो मासेमारीला गेला. दोन्हीकडे उंच कडे, मध्ये ती छोटीशी वाळू, आणि माणूस एकही नाही. रोझेटानं छत्री रोवली. डबे काढायला मेल्विना वाकली तर बहिणीनं तिचा हात धरून खाली ओढलं. मेल्विना वाळूवर बसली. वाळू गरम होती. थोड्या वेळानं तिनं पाय लांब केले. रोझेटा पाण्यात उताणी तरंगत होती, मोठ्यानं काहीतरी ओरडत होती, ते कानावर येत होतं आणि येत नव्हतं.

जाग आली तेव्हा छत्रीची सावली सरकून पलीकडे गेली होती आणि तिच्या अंगावर टॉवेल होता. रोझेटा शेजारी गुडघे जवळ घेऊन बसलेली. तिचे केस वाळून खडखडीत झाले होते.

"किती वाजले?"

"दुपार टळली."

मेल्विना ताडकन उठून बसली. "उठवलं का नाहीस?"

"कशी उठवणार? तू बोलत होतीस."

"काय बोलत होते?"

रोझेटानं समुद्राकडं बघितलं. "म्हणालीस, 'बस, आणते.' मग बराच वेळ काही नाही. मग हसलीस. असं हसताना मी तुला तुझ्या लग्नात बघितलं होतं, त्यानंतर नाही."

"आणि?"

"आणि मी तिकडं पाण्याशी जाऊन उभी राहिले. तुमच्या मध्ये कशाला थांबू?"

मेल्विना आठवू लागली. घरी येईपर्यंत, रात्री जेवताना, सकाळी विमानतळावर बहिणीला मिठी मारतानाही ती आठवत होती. पण स्वप्न काही तिच्या हाती लागलं नाही. झोपेत आपण कुणाला बस म्हणालो, काय आणायला गेलो, कशावर हसलो, काहीच तिला ठाऊक नाही; ऐकलं तेवढं रोझेटानं.

पुढं तिनं तिसरी खोली भाड्यानं द्यायला सुरुवात केली; वाळूवरही येणाऱ्याला खोली कशाला? हॅलिफॅक्सचे एक मास्तर तिथं महिनाभर राहिले आणि त्यांना काही दिसलं नाही. मेल्विना आता जेवण झालं की कुठंही आडवी होते, व्हरांड्यात, स्वयंपाकघराच्या फरशीवर, कधी एखाद्या पाहुण्याबरोबर होडीतून जाऊन वाळूवर. घराची दोन्ही दारं सताड उघडी. अर्मिन्ट्रूड साखर मागायला येते, तिला झोपलेली बघते आणि पाय न वाजवता परत फिरते.

"तुझे ओठ हलत होते," तिनं एकदा सांगितलं.

"मग जवळ येऊन ऐकायचं ना, काय म्हणते ते!"

"नको बाई," अर्मिन्ट्रूड म्हणाली. "तू मध्येमध्ये थांबतेस ना, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी. तिथं मला भीती वाटते."