कॅलेंडरावरचा गोल

माझ्या तोंडाला आमच्या घरात सगळे दबकून असतात. सासरेसुद्धा. आधी मला त्याची जरा ऐटच होती.

आमच्याकडं एक जर्सी गाय होती. सासूबाईंनी जाण्याआधी हातानं दूध पाजून वाढवलेलं ते शेवटचं वासरू. सासऱ्यांचं एकच म्हणणं होतं, हिच्या पोटची एक कालवड दावणीला राहावी. पण गाय गाभण राहतच नव्हती. तीनदा कृत्रिम रेतन केलं, तिन्ही वेळा उलटली. वर सारखी माजावर यायची आणि हंबरून गल्ली डोक्यावर घ्यायची. भूम गावाहून जनावरांचे डॉक्टर आले, हात घालून तपासलं आणि म्हणाले, बीजकोशावर पाण्याची गाठ झालीय. त्यांनी इंजेक्शनं दिली. गाठ जिरली की माज वेळेवर येईल, पण मुका येईल, गाय हंबरणार नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ गोठ्यात बसून लक्ष ठेवायचं, शेपटीखाली चिकट स्रावाचा सोट दिसला की कॅलेंडरावर त्या तारखेला गोल करायचा आणि फोन करायचा. वळू अजिबात लावायचा नाही.

"मामा, तुमचं अंदाजपंचे आता बास," मी सासऱ्यांना म्हणाले. "सगळं तारखेवर चालणार. तुम्ही मधी पडू नका."

"बरं बाई, तुझं राज्य," ते म्हणाले.

ते राज्य मी चार दिवस केलं. मग लग्नसराई आली, ब्लाउज शिवायला ढीग पडला. गायीपुढं वैरण टाकायची आणि मशिनवर जाऊन बसायचं, एवढंच चाललं. दोन महिने कॅलेंडर कोरंच राहिलं.

एक दिवस डॉक्टर दारात उभे. सासरे ईट गावाला पाहुण्यांकडं दहाव्याला गेले होते. डॉक्टरांनी गाय तपासली आणि म्हणाले, "कोशावर पिवळी गाठ हाताला लागतेय. माज येऊन गेला असेल तरी ती असते, आणि गाय गाभण असेल तरी असते. माज दिसला नसेल तर मी आज सुई देत नाही, गाभण असली तर तिनं गर्भ पडेल. पंधरा दिवसांनी परत बघतो. दिसला होता का?"

'बघितलंच नाही' एवढं म्हणायला मला काय धाड भरली होती? पण सगळ्या घराला अक्कल शिकवणारी मी, ते कसं म्हणणार?

"दिसला की," मी म्हणाले. "बारा दिवस झाले. मंगळवारी. पाहुण्यांचं लग्न होतं, फोन करायचा राहिला."

"कुणी वळू लावला नाही ना?"

"छे."

"मग गाभण असायचा प्रश्नच नाही," म्हणत त्यांनी माजावर आणायची सुई दिली. ते गेल्यावर मी आतून पेन आणला आणि त्या मंगळवारला गोल केला.

चौथ्या दिवशी गाय गाभडली. पडद्यात गुंडाळलेलं, बोटाएवढं काहीतरी गव्हाणीमागं पडलं होतं. सासऱ्यांनी ते बघितलं आणि तिथंच बसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरी, चूक माझी हाय. म्या हिला वस्तीवरच्या वळूकडं नेली हुती. दीड महिना झाला. तू मशिनवर हुतीस. तू बोलशील म्हणून सांगितलं न्हाय. न्हायतर डॉक्टरनं सुई दिलीच नसती."

म्हणजे मी बघायला हवा होता तो माज त्यांनी बघितला होता. कालवड असो की गोऱ्हा, सासूबाईंच्या गायीच्या पोटात जीव धरला होता, आणि माझ्या एका खोट्या मंगळवारनं तो गेला. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. तेव्हाच बोलायचं होतं. एरवी तासभर न थांबणाऱ्या माझ्या तोंडातून एवढंच आलं, "सांगायला पाहिजे होतं मामा तुम्ही."

"व्हय," ते म्हणाले.

नंतर गायीच्या गर्भपिशवीत पू झाला. ती परत गाभण राहिली नाही. शेवटी सासऱ्यांनीच तिला टेम्पोत चढवली आणि टेम्पो वळेपर्यंत रस्त्यावर उभे राहिले. आता ते माझ्या कुठल्याच कामात मधी पडत नाहीत. कुणी गायीचं काढलं की सांगतात, "सुनंनं तारीखसुदिक लिहून ठेवली हुती. म्याच घात केला." मी चहा गाळत ऐकते. कितीदा वाटतं, आज सांगून टाकावं. पण डॉक्टरांना कळेल, नवऱ्याला कळेल, आणि मुख्य म्हणजे सासरे मला एका शब्दानं बोलणार नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटते.

वर्ष सरल्यावर जुनं कॅलेंडर मी चुलीत घालायला निघाले. सासऱ्यांनी थांबवलं आणि गोल असलेलं पान तेवढं फाडून घेतलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "माझी चूक माझ्या ध्यानात ऱ्हाईल." ते पान त्यांनी घडी घालून सासूबाईंच्या फोटोमागं ठेवलंय.

फोटो पुसायचं काम माझ्याकडं आहे. मी काच पुढून पुसते.