न थांबणारा हात

द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावरचे काका सगळंच गरजेपेक्षा जास्त घट्ट करतात. त्यांनी बंद केलेला नळ काकूंना उघडत नाही, लोणच्याची बरणी उघडायला तर मला बोलावतात. "ढिलं काम बिल्कुल नको," हे काकांचं पालुपद. मला ते आवडायचं. मी चळवळीतल्या घरात, पत्रकांवर आणि सभांवर वाढलेली मुलगी. जोर कमी करा म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

गेल्या वर्षी काकांनी त्यांच्या, आत झोपायची सोय असलेल्या कॅम्पर गाडीच्या छतावरचा एसी असाच आवळला होता. त्याच्याखालची रबरी पट्टी चेपून फाटली आणि ट्रिपभर काकूंच्या अंथरुणावर पावसाचं पाणी टपकलं. "पुन्हा गळलं तर तुम्ही एकटेच फिरा," काकूंनी सांगून टाकलं.

त्यामुळे परवा नवा एसी बसवताना काका जरा जपूनच होते. आम्ही दोघांनी तो छतावर चढवला. मग काकांनी आत येऊन खालून बोल्ट लावले, थोडा पाना फिरवला, आणि तो काकूंच्या हातात दिला.

"पुढचं तू आवळ. माझा हात थांबत नाही."

"अहो, ढिलं राहिलं तर?"

"तू म्हणशील तेवढंच."

काकू आवळत होत्या तेवढा वेळ ते हात मागे बांधून उभे राहिले. आपला जोर असा दुसऱ्याच्या हाती सोपवणारा माणूस मी एकाही सभेत पाहिला नव्हता.

नंतर मी छतावर बादलीभर पाणी ओतलं. काकू आत अंथरुणावर आडव्या होऊन वर बघत राहिल्या. काका दाराशी घुटमळत होते.

"चलो," शेवटी आतून आवाज आला, "कुठे जायचंय?"