गाळलेलं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवरा रोज विचारतो, आज काय झालं कोर्टात? मी म्हणते, रोजचंच. त्या दिवशीही तेच म्हणाले आणि जेवण गरम करायला घेतलं.

मी मूळची रायगडची. लग्न होऊन अमिरातीत अल ऐनला आले, अरबी चांगली येत होती, म्हणून कोर्टात दुभाषी झाले. घरगुती भांडणं न्यायाधीशापुढे जाण्याआधी समेटासाठी एका अधिकाऱ्यापुढे येतात, तिथे मी बसते. नवरा-बायको मराठीत, हिंदीत, इंग्रजीत भांडतात, मी तेच अरबीत भांडते. असे संसार मोडताना दिवसभर ऐकले की घरी कुणी टीव्हीचा आवाज वाढवला तरी नकोसं होतं. कामाचा नियम एकच — खोलीत जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही. तशी शपथ घेतली आहे मी.

पुण्याचं जोडपं होतं. तो इथल्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये, ती घरी. मुलगी बारा-तेरा वर्षांची, इथेच जन्मलेली. घटस्फोट ठरला होता, मुलगी आईबरोबर पुण्याला जाणार हेही ठरलं होतं. अधिकाऱ्याने मुलीला एकटीला विचारायचं तेवढं राहिलं होतं. त्याआधी बाहेर बाकावर मी आईशेजारी बसले — दुभाष्याने बसू नये तिथे. मराठी ऐकलं की माझा पाय निघत नाही, काय करणार? ती रडली. म्हणाली, ताई, आता ही एवढीच राहिलीय मला. मग मुलीला म्हणाली, मावशींबरोबर जा आत, घाबरू नकोस.

आत अधिकाऱ्याने विचारलं, कुणाकडे राहायचं? मुलगी इंग्रजीत म्हणाली, "आय ॲम ओके विथ मम्मा." मी सांगितलं. त्याने फाइल मिटली — "यल्ला, खलास." चला, झालं. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली आणि अडखळत मराठीत म्हणाली, "मावशी, त्यांना सांगा ना, मला बाबांकडे राहायचंय. पण मी म्हटलं असं आईला नको कळायला."

त्याने मला विचारलं, काय म्हणतेय?

हे सांगितलं तर ठरलेलं सगळं फिसकटणार. नवी तारीख पडणार. बाहेरची ती बाई पुन्हा रडणार. आणि पोरं काय, आज एक म्हणतात, उद्या दुसरं. आईविना मुलीचं कसं व्हायचं? — नाही, हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी फक्त दमले होते. शेवटची केस होती, मला घरी जायचं होतं. आणि माझ्या मनात आई केव्हाच जिंकली होती.

मी अरबीत म्हणाले, तिला पाणी हवंय.

तिला कळणार नाही असं वाटलं होतं. पण इथल्या शाळांत अरबी शिकवतात, माझीच मुलं शिकली आहेत — मी कशी विसरले? तिने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा तोंड उघडलं नाही. का उघडेल? एका मोठ्या माणसावर विश्वास टाकून झाला होता तिचा.

अधिकारी भला माणूस. स्वतः उठला आणि कूलरमधून ग्लास भरून आणला. ती प्यायली — सावकाश, थांबत थांबत, पार तळापर्यंत. तोवर मला सांगता आलं असतं. मी बघत बसले.

बाहेर आलो तेव्हा आईने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, ताई, फार आधार दिलात. मुलगी शेजारीच उभी होती. मी हात सोडवून घेतले नाहीत.