पाणी सोडलं कोणी?

गंगापूर धरणाला ओहोटी येत नाही. शिडाची बोट चालवायला मी तिथंच शिकलो, एवढं ध्यानात ठेवा.

गेल्या थंडीत मी अलिबागला एक जुनी कॅटमरान घेतली. म्हणजे दोन पोटांची शिडाची बोट. (दोन्ही पोटांना ठिगळं!) किनाऱ्यानं हिंडायचं, एकेक जलदुर्ग पाहायचा, असा बेत. बायकोनं, मेधानं, अट घातली, "आधी अप्पांना किल्ला दाखवा. ते खूश झाले तर बोट राहील, नाहीतर भंगारात!"

अप्पा म्हणजे माझे सासरे, सिन्नरचे कांदा बागायतदार. त्यांना आणि मेधाला बोटीत बसवून मी ऐटीत कुलाबा किल्ल्याजवळ नांगर टाकला. "आधी जेवू, मग किल्ला!" मी कप्तानी थाटात म्हणालो. भाकरी, ठेचा, शेंगोळे... जेवण असं झालं की तिघंही आडवी!

जाग आली ती अप्पांच्या ओरडण्यानं. "जावईबापू, उठा! पाणी कुठं गेलं?"

खरंच की! बोट ओल्या वाळूवर फतकल मारून बसलेली.

"सोडलं का पुन्हा जायकवाडीला?" अप्पा खवळले. "आपल्याला न विचारता?"

मीही (सांगायला लाज वाटते) धरणाची भिंत शोधायला मान वळवली!

तेवढ्यात बोटीशेजारी एक घोडागाडी येऊन थांबली. घोडागाडी! "किल्ल्यावर सोडू का?" गाडीवान म्हणाला.

मेधानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत मला भंगारवाला दिसला. पण अप्पा टुणकन गाडीत! "चला की, लय भारी सोय हाय!" मागोमाग मेधा, मग मीही चढलो. कोरड्या बोटीत एकटा बसून काय करू?

अप्पांनी बुरूजन् बुरूज पाहिला. "भर समुद्रात गोडं पाणी! आमच्या बोअरला नाय!" असं म्हणत ते विहिरीपाशीच रमले. बाहेर येतो तर काय, वाट बुडालेली, घोडागाडी पसार, आणि लांबवर आमची बोट एकटीच मजेत तरंगतेय! शेवटी एका कोळीदादानं होडीतून आम्हाला आमच्याच बोटीवर सोडलं.

"मग अप्पा, ठेवायची की भंगारात?" मेधानं विचारलं.

अप्पांनी बोटीवरून हात फिरवला. "बोट ठेवा. गुणाची हाय. आपण नव्हतो तवा काय झोकात उभी होती! कप्तान तेवढा भंगारात द्या."

तेव्हापासून सुकाणू मेधाकडं आहे. मी नांगर ओढतो. भंगारवाल्यानं मला घेतलं नाही!